खंडेनवमी, धाकटी पुली आणि बोरघाट

माझ्या नातवानं गणपतीत नवी गाडी घेतली. चाकणच्याच कारखान्यातली. मागच्या बाजूला चंदेरी अक्षरांत ‘टर्बो’ लिहिलंय. पेढे झाले, लिंबू ठेवून झालं, आणि मी आपला पेट्रोलचं झाकण उघडून बघत बसलो. आत एक चिठ्ठी चिकटवलेली होती, अमुक ऑक्टेनच्या खालचं पेट्रोल घालू नये. मी नातवाला विचारलं, “याचा अर्थ कळतो का रे?”

“आजोबा, पंपवाल्याला कळतो ना!”

झालं! माझं टाळकंच सरकलं. अरे, त्या एका ओळीपायी मी शंभरदा हात भाजून घेतलेत, एकदा बोरघाटात जीव टांगणीला लावलाय, आणि एका हवालदारासमोर ट्रकच्या धुराड्याला नाक लावून उभा राहिलोय. आणि हा म्हणतो पंपवाल्याला कळतं! त्या दिवशी त्याला बसवून सगळं सांगितलं. तो दोनदा मोबाइल बघायला उठला, पण बसला पुन्हा. तेच आता तुम्हाला सांगतो.

गोष्ट पन्नास सालानंतरची. आज जिथं कारखान्यांच्या भिंती संपता संपत नाहीत तिथं तेव्हा ज्वारी-बाजरी होती. भोसरी म्हणजे गाव आणि माळ. पिंपरीला सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी, आणि चिंचवड स्टेशनाजवळ पत्र्याची एक शेड. ती शेड माझी. लढाईत मी विमानांच्या इंजिनांवर फिटर होतो. लढाई संपली, विमानं गेली, हाताला लागलेली खोड मात्र राहिली. खोड म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा भरायची.

साधं इंजिन आपल्या आपण श्वास घेतं. त्याच्या तोंडाला ब्लोअर बसवला, म्हणजे हवा कोंबणारा पंखा, की त्याच इंजिनात जास्त हवा जाते, जास्त पेट्रोल जळतं, जास्त जोर मिळतो. आजचा टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, आमचा ब्लोअर पट्ट्यावर फिरायचा. एवढाच काय तो फरक. लष्करी भंगारात रणगाड्यांच्या इंजिनांचे ब्लोअर मिळायचे. लोक ते वितळवायला न्यायचे आणि मी पोटाशी धरून घरी आणायचो. आमची ही म्हणायची, “दुसऱ्यांचे नवरे भाजी आणतात.”

आता यातली गोम ऐका. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं की नाही? तसंच. आणि पेट्रोलला सोशिकपणा असतो. चांगलं पेट्रोल कितीही दाबा, तापवा, ठिणगी पडेपर्यंत गप्प बसतं. हलकं पेट्रोल ठिणगीची वाटच बघत नाही, आधीच भडकतं. मग पिस्टन वर येत असतानाच त्याच्या टाळक्यात हातोडा बसतो. बाहेर आवाज येतो तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा, टकटकटक. हा आवाज फार वेळ चालू राहिला तर पिस्टनला भोक पडतं आणि इंजिन मेलं. या सोशिकपणाच्या मापाला म्हणतात ऑक्टेन. बस, एवढंच आहे ते.

आमच्याकडच्या पंपावर तांबूस रंगाचं साधं पेट्रोल मिळायचं, त्याचा सोशिकपणा बेताचा. विमानाचं पेट्रोल हिरवं, त्याच्यासारखा शांत प्राणी नाही. ब्लोअर किती जोरात फिरवायचा ते त्याच्या पुलीवर, म्हणजे पट्टा फिरायच्या चाकावर, ठरायचं. पुली जितकी लहान तितका ब्लोअर वेगात आणि हवेचा दाब जास्त. मी लेथवर तीन पुल्या करून घेतल्या होत्या, थोरली, मधली आणि धाकटी. लाल पेट्रोलला थोरली, हिरव्याला धाकटी, आणि मधली आपली मनाच्या समाधानाला. शेडच्या भिंतीवर मी हे खडूनं लिहूनच ठेवलं होतं, कारण गिऱ्हाइकं भेटायची एकेक नग!

पुण्याचे एक साहेब स्पोर्ट गाडी घेऊन आले. म्हणाले, “जोर नको, नुसता आवाज वाढवा.” मी म्हटलं, मग भोंगा घ्या की. चाकणचे एक आबा होते, कांद्याची मोठी शेती. त्यांच्या विहिरीवरचं इंजिन राकेलवर चालायचं, त्यावर त्यांना ब्लोअर हवा होता. मी सांगून थकलो की आबा, राकेलचा सोशिकपणा म्हणजे नव्या सुनेवर चिडलेली सासू, जरा दाबलं की भडका. आबा म्हणाले, “सदूभाऊ, आमच्या घरात सासवाच सासवा हायेत, आमाला सवय हाय.” मी नाहीच बसवला. आबा वर्षभर रुसले होते, मग कांद्याचं पोतं पाठवून गोड झाले.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तो म्हणजे तोलाराम. पिंपरी कॅम्पातला. सिंधमध्ये त्याच्या बापाच्या बैलगाड्या आणि मग लॉऱ्या होत्या. फाळणीत सगळं तिकडेच राहिलं. कॅम्पातल्या बराकीत पडदा लावून केलेल्या खोलीत आई, बायको आणि तीन मुली. होतं नव्हतं ते विकून त्यानं लष्करी लिलावातला एक अमेरिकन ट्रक घेतला होता, पेट्रोलवर चालणारा. उंच, हडकुळा माणूस, दारूला काय विडीलाही न शिवणारा. मराठी शिकायची भारी हौस. प्रत्येक वाक्यात चूक करायचा आणि प्रत्येक वाक्य पूर्ण करायचा.

एका सकाळी तो शेडमध्ये आला आणि उभ्याउभ्याच बोलायला लागला. मला तो सिंधी रिवाजानं ‘साईं’ म्हणायचा. “साईं, चिंचवडला रंगाचा कारखाना होतो आहे. त्यांची मोठी कढई मुंबई बंदरात आली. रंग शिजवायची. जाड लोखंडाची! दसऱ्याच्या मुहूर्तावर पायावर बसवायची आहे. मॅनेजरसाहेब बोलला, जो वेळेवर आणील, कारखान्याचा सगळा माल पुढे त्याचाच.”

“मग आण की.”

“बोरघाट!” तो म्हणाला. “माझी गाडी एवढं वजन घेऊन घाट चढत नाही. दुसरी गाडी पुढून ओढायला लावायची तर मुंबईचा मोठा ठेकेदार आहेच, त्यालाच देतील ना काम. साईं, एकदा सगळं गेलं. एकदा उभा राहिलो. तिसऱ्यांदा उभं राहायची ताकद नाही माझ्यात.”

मी त्याच्या ट्रककडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या ब्लोअरकडे बघितलं, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं! इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होतो ते कामच दारात येऊन उभं होतं.

महिनाभर आम्ही खपलो. आम्ही म्हणजे मी आणि तोलारामचा ड्रायव्हर बबन. हा निघोज्याचा गडी, घरी शेती, हाताला स्टिअरिंग असं बसलेलं की जन्मतःच धरून आला असावा. देवभोळा इतका की गाडी सुरू करण्याआधी स्टार्टरलाही नमस्कार. ब्लोअर बसला, विमानातला दाबाचा काटा काढून डॅशबोर्डवर लावला. कांद्याची पोती रचून भोसरीच्या रस्त्यावर चाचण्या घेतल्या. धाकटी पुली आणि हिरवं पेट्रोल! अहो, तो ट्रक असा सुटला की बबन ओरडला, “मिस्त्री, ही गाडी न्हाई, खोंड हाय खोंड!” मागची दोन पोती रस्त्यावर सांडली, ती गोळा करायला परत यावं लागलं.

हिरवं पेट्रोल तोलारामनं लिलावातून एक पिंप मिळवलं होतं. बेत असा ठरला. जाताना रिकामी गाडी साध्या पेट्रोलवर हळूहळू न्यायची. मुंबईत टाकी कोरडी करून हिरवं भरायचं. सपाटीला अर्धं जाईल, अर्धं घाटाला पुरेल. थोरली पुली सोबत ठेवायची, वेळ पडली तर बदलायला. मी सगळा विचार केला होता. फक्त पंचांगाचा केला नव्हता.

मुंबईहून कढई चढवून निघालो ती खंडेनवमीची सकाळ. कढई म्हणजे काय, एखादी खोलीच हो! दोरखंडांनी बांधलेली, वर ताडपत्री. दुपारी खोपोलीला पोचलो. समोर घाट उभा. मी आणि तोलाराम चहा प्यायला बसलो. इंजिन जरा निवू दे, मग चढू. तासाभरानं येऊन बघतो तर बबननं ट्रक धुऊन काढलेला, बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांना हळदकुंकू, आणि स्वारी खूष.

“मिस्त्री, पूजा क्येली. आन टाकी बी फुल क्येली!”

“टाकी? काय घालून?”

“पेट्रोल की! पंपावरनं आनलं. सणाच्या दिशी रित्या पोटाची गाडी पुजायची न्हाई. आमच्यात बैलाला बी आधी खायाला घालत्यात, मग ववाळत्यात.”

मी रबरी नळीनं थोडं पेट्रोल ओढून काचेच्या पेल्यात घेतलं. हिरवं नाही, लाल नाही, गढूळ तपकिरी. निम्मं विमान आणि निम्मा टांगा! आणि इंजिनावर बसलेली धाकटी पुली. या पेट्रोलवर, या दाबानं, एवढं वजन घेऊन घाट चढायचा म्हणजे पिस्टनला भोक ठरलेलं. ते अर्ध्या चढावर पडलं तर गाडी मागे येणार, कढई घेऊन, सरळ दरीत.

“अरे बैला!” मी बबनवर असा कडाडलो की पंपावरचा माणूस बाहेर आला. “काय केलंस हे?” बबनचा चेहरा पडला. त्याला काय झालं ते कळेना, पण काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं.

मग मी स्वतःलाच म्हटलं, सदाशिवा, घाबरतोस काय, थोरली पुली आहे ना! दाब कमी करू, हळूहळू जाऊ. “बबन, हत्यारांची पेटी काढ.”

बबन हलेना.

“काढ ना!”

“मिस्त्री…” तो कसाबसा बोलला, “पेटी चिंचवडला हाय. शेडमंदी. वैनीसायबांकडं दिली पूजेला. आज खंडेनवमी, हत्यारं घरला नकोत व्हय?”

मी खाली बसलो. अक्षरशः रस्त्यावर बसलो. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, फुलं वाहायची, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, आमचे पाने, सगळ्यांना सुट्टी. माझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं. बबनला मी कुठल्या तोंडानं बोलणार?

खोपोलीत घाटाच्या तोंडाशीच एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री साठीचे, ठेंगणे, कपाळाला कुंकू. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आत पाटावर पाने ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर झेंडूचं फूल. आणि त्यात, डोळ्यांसमोर, मला हवा असलेला मोठा पाना! पुलीच्या नटाला अगदी फिट्ट. मी हात जोडून म्हटलं, “अण्णा, पाव तासासाठी द्या.”

“नाही.”

“अहो, नड आहे.”

“नड रोजचीच असते. वर्षात एक दिवस लोखंड निजतं. त्याला उठवायचं नाही. उद्या सोनं लुटून झालं की या, सगळी पेटी न्या, पैसासुद्धा नको.”

“उद्या सकाळी कढई चिंचवडला पाहिजे!”

“मग ती आज निघायला नको होती,” अण्णा म्हणाले. आणि मागून आमचा बबन, आमचाच हो, हळूच म्हणतो कसा, “मिस्त्री, त्यांचं बराबर हाय. पुजल्याल्या हत्याराला हात लावू न्हाई.” मला त्याला तिथंच घाटात सोडून द्यावंसं वाटलं.

रस्त्यावर ट्रक जवळजवळ नव्हतेच. एक थांबला, त्याच्याकडे जॅक आणि शिव्या सोडून काही नव्हतं. तोलाराम जवळ आला आणि म्हणाला, “साईं, गाडी माझी आहे. पण मी गाडीचं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. तुम्ही बोला चढू, तर चढू. तुम्ही बोला थांबू, तर मी थांबतो.”

त्यानं दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्याच्या बराकीतला तो पडदा, मागच्या तीन मुली, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. माझं डोकं गरगर फिरायला लागलं. दाब कमी करता येत नाही, पेट्रोल सुधारता येत नाही. मग उरतं काय? उरतं थंड करणं! आणि एकदम लढाईतली गोष्ट आठवली. विमान चढवताना अगदी शेवटचा जोर लावायचा असला की इंजिनात पाणी आणि स्पिरिट फवारायचे. पाण्यानं आतली हवा थंड पडते, स्पिरिट स्वतः जळतं पण सोशिकपणानं. टकटक बंद! मी मोठ्यानं ओरडलोच, “पाणी आणि स्पिरिट! अर्धं-अर्धं! पण स्पिरिट आणायचं कुठनं?”

तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी कडक. स्पिरिटची बाटली जवळ सापडली तरी चौकीवर नेत. केमिस्टाचं दुकान सणामुळं बंद.

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “इंजिनाला काय पाजायचं म्हणालात?”

“पाणी आणि स्पिरिट, अण्णा. निम्मं-निम्मं.”

अण्णांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. आत गेले. दार लोटून घेतलं. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले ते तेलाचा एक मोठा डबा घेऊन, तोंडाला फडकं बांधलेलं.

“निम्मं-निम्मं तर तयारच मिळतं की,” ते म्हणाले.

हातभट्टीची! उद्याच्या दसऱ्याची सोय! मी थोडी दगडावर ओतून काडी लावली. निळी ज्योत, सुंदर, सरळ. मला अण्णांना मिठी मारावीशी वाटली. तोलाराम दोन पावलं मागे सरकला आणि कानाला हात लावून राम राम म्हणाला.

पाना लागणार नाही असं आता जुगाड करायचं होतं. हवेच्या गाळणीचा नट हातानं फिरायचा, तो काढला. कार्बोरेटरच्या तोंडाशी रबरी नळीचं एक टोक अडकवलं, दुसरं केबिनमधून डब्यात. डबा माझ्या डोक्याच्या वर, छताला सुतळीनं बांधलेला. नळी माझ्या दोन बोटांत. चिमटा सैल केला की धार, घट्ट केला की बंद. दवाखान्यात सलाइन लावतात ना, तसं ट्रकला दारूचं सलाइन लावलं!

आणि निघालो. बबन स्टिअरिंगवर, मी शेजारी, कान इंजिनाकडे, डोळा काट्याकडे, बोटं नळीवर. तोलाराम गाडीत बसायला तयार होईना. लाकडाचा मोठा गुटका खांद्यावर घेऊन तो मागच्या चाकाशेजारून चालत होता. गाडी थांबली तर क्षणात चाकामागं गुटका घालायचा. आम्ही चाललो होतो माणसाच्या चालीनंच म्हणा.

पहिल्या चढाला काटा वर सरकला आणि आलाच आवाज, टकटकटक! मी बोटं सैल केली. दारू गेली. आवाज बंद! अहो, एखाद्या रडक्या पोराच्या तोंडात गुळाचा खडा घालावा तसा बंद! इंजिन असं गंभीर, खोल आवाजात गायला लागलं की मी सीटवर उड्या मारायचा बाकी राहिलो. “बबन, ऐक! ऐक रे!”

“ऐकतुया मिस्त्री, पर वास लय येतुया!”

वास तर येणारच. खिडकीतून बघितलं तर मागून तोलाराम नाकाला रुमाल लावून चालतोय, डोळ्यांत पाणी. जन्मात न प्यायलेला माणूस घाटभर धूर पीत होता.

मग ते वळण आलं. घाटात जे जुने ड्रायव्हर आहेत त्यांना कुठलं ते सांगायला नको. उजवीकडे कडा, डावीकडे काही नाही, आणि रस्ता अंगावर येतो. काटा पार टोकाला. कढई मागे दोरखंडात कुरकुरायला लागली. गाडी मंदावली, मंदावली. मी नळी पूर्ण सोडून दिली, तरी टकटक सुरू झाली. बबननं पाय जरा उचलला तर गाडी थांबणार, दाबून धरला तर पिस्टन जाणार.

“बबन, दाबून धर!”

“मिस्त्री, फुटंल!”

“फुटू दे माझ्या नावावर! धर!”

आणि तेवढ्यात नळीतून आवाज आला, चूळ भरल्यासारखा. डबा रिकामा. माझी बोटं नुसतीच नळी दाबत राहिली. आवाज वाढला, खडे, मग गोटे, मग हातोडेच. मी आयुष्यात एवढा देवाचा धावा कधी केला नाही. मागून तोलारामची हाक आली, “साईं, चाक फिरतंय! फिरतंय!” मागची चाकं वळणातून बाहेर आली, चढ मोडला, बबननं पाय उचलला, आणि आवाज गेला. बबन रडत होता. मीही रडत होतो, लाज कसली?

खंडाळ्याच्या नाक्यावर हवालदारानं हात केला. गाडी थांबली आणि त्यांनी हवा हुंगली. “कोण प्यायलंय?”

“कोणी नाही, साहेब.”

“तोंड उघडा.” तिघांची तोंडं हुंगली. बबनच्या तोंडाला पानाचा वास, माझ्या तोंडाला चहाचा, तोलारामच्या तोंडाला उपासाचा. हवालदार चक्रावले. वासाच्या मागानं चालत ते धुराड्यापाशी आले, वाकले आणि झटकन सरळ झाले.

“ही गाडी प्यायलेली आहे!”

मी खरं ते सगळं सांगितलं, फक्त अण्णांचं नाव सोडून. पेट्रोलचा सोशिकपणा, धाकटी पुली, खंडेनवमी, कढई, उद्याचा मुहूर्त. त्यांनी मलाही धुराड्याला नाक लावायला लावलं, मी खोटं बोलत नाही ना ते बघायला. डबा उलटा करून पाहिला. थेंब नाही. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, “माणूस प्यायला तर कलम आहे. इंजिनावर गुन्हा कसा नोंदवायचा ते मला शिकवलेलं नाही. जा, आणि गाव येईपर्यंत कुणाच्या शेजारी थांबू नका.”

दसऱ्याच्या सकाळी कढई पायावर बसली. मॅनेजरसाहेबांनी नारळ तोलारामच्या हातात दिला. त्यानं तो फोडला आणि पाणी आधी ट्रकच्या बॉनेटवर शिंपडलं. कारखान्याचा माल त्याला मिळाला. पुढे त्याच्या गाड्या किती झाल्या ते पिंपरीत कोणालाही माहीत आहे. बराकीतला पडदा त्या दिवाळीनंतर निघाला.

चार दिवसांनी इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन बाहेर काढला. त्याचं टाळकं उंदरानं कुरतडल्यासारखं खाल्लं गेलं होतं. तोलारामनं तो उजेडाकडे धरला. भोक नव्हतं, पण बोटानं दाबलं तर आत जाईल इतका पापुद्रा उरला होता. “साईं, अजून एक वळण असता तर?” मी म्हटलं, नव्हतं ना, झालं तर मग.

पण माझ्या मनातून ते जात नव्हतं. अण्णांनी पाना दिला असता तर हे घडलं नसतं, असा राग होता. पुढच्याच महिन्यात आम्ही नवा पिस्टन घालून, थोरली पुली लावून, साध्या पेट्रोलवर, कढईपेक्षा बऱ्याच हलक्या मालासकट तोच घाट चढलो. त्याच वळणावर गाडी जागच्या जागी थांबली आणि मागे यायला लागली. तोलारामनं गुटका घातला म्हणून वाचलो. तेव्हा लख्ख कळलं. त्या दिवशी अण्णांनी पाना दिला असता तर मी थोरली पुली लावली असती, आणि कढईच्या वजनापुढं तो गुटका चिरडून आम्ही सगळे दरीत असतो. एका म्हाताऱ्याच्या हट्टानं आम्हाला वाचवलं होतं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी मुद्दाम खोपोलीला गेलो. पिस्टन बरोबर घेतला होता, अण्णांना दाखवायला. गॅरेज बंद, आत पाटावर हत्यारं मांडलेली, फुलं वाहिलेली. पण बाहेर, दाराच्या खिळ्याला, सुतळीनं तो मोठा पाना टांगलेला. त्याला ना हळद ना कुंकू.

अण्णा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, “अण्णा, हा इथं कसा?”

“असाच,” ते म्हणाले. “यंदापासून हा पूजेला बसत नाही. तुमची ती गाडी घाटात दिसेनाशी होईपर्यंत मी इथंच उभा होतो. रात्री जेवण गेलं नाही.”

मी त्यांच्या पाया पडलो आणि खरं काय ते सांगितलं, की अण्णा, तुम्ही पाना दिला नाहीत म्हणून आज मी तुमच्यापुढं उभा आहे, दिला असतात तर मेलो असतो, तो पाना सुखानं आत नेऊन पुजा. अण्णांनी पिस्टन हातात घेऊन उलटसुलट बघितला, परत दिला, आणि पान्याकडे बघून मान हलवली.

“राहू दे बाहेरच,” ते म्हणाले. “पुढच्या माणसाचं इंजिन पिणारं असेल कशावरून?”